गाणं किती मोठ्यानं लावावं?

स्टिरिओच्या दुकानातल्या कोणत्याही अनुभवी विक्रेत्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दोन ॲम्प्लिफायर शेजारी ठेवून एकच गाणं आळीपाळीनं वाजवलं आणि त्यांतला एक जेमतेम एका डेसिबलनं वर असला, तर गिऱ्हाईक त्यालाच जास्त ‘मोकळा’, जास्त ‘भरीव’ म्हणतं. आवाज मोठा आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही, त्याला दर्जा चांगला वाटतो. म्हणून यंत्रांची प्रामाणिक तुलना करणारे लोक आधी मीटर लावून दोन्हींची पातळी एक-दोन दशांश डेसिबलच्या आत जुळवतात आणि मगच ऐकायला बसतात.

कान असा का वागतो याचा उलगडा ९० वर्षांपूर्वीच झाला आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी श्रोत्यांना हेडफोनवर वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे शुद्ध स्वर ऐकवले आणि १००० हर्ट्झच्या स्वराइतकाच मोठा वाटायला प्रत्येक स्वर प्रत्यक्षात किती जोरात वाजवावा लागतो हे मोजलं. १९३३ साली त्यांनी त्याचे आलेख प्रसिद्ध केले. पुढं ते अनेकदा तपासले गेले आणि २००३ मध्ये ‘आयएसओ २२६’ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांचं सुधारलेलं रूप आलं. त्यातले मोजकेच आकडे आपल्या कामाचे आहेत. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर, म्हणजे बऱ्यापैकी हळू वाजत असेल, तर १०० हर्ट्झचा स्वर तेवढाच मोठा वाटायला सुमारे ६४ डेसिबल लागतात. म्हणजे २४ डेसिबल जास्त. तोच १००० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबलवर नेला, तर १०० हर्ट्झला सुमारे ९२ पुरतात. फरक निम्म्यावर येतो. थोडक्यात, आवाज खाली आणला की खर्जाकडचं अंग बाकीच्या गाण्यापेक्षा वेगानं विरतं, आणि आवाज वर नेला की ते परत येतं. अगदी वरच्या टोकालाही थोडा बदल होतो, पण जाणवतो तो खालचा.

आपल्या संगीतात हे कुठं दिसतं ते पाहा. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर त्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याखाली एक सप्तक, ६९ हर्ट्झवर. डग्ग्याचा घुमारा याच मुलखातला. उलट जवारीतून निघणाऱ्या वरच्या स्वरांची रांग २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात जाते, आणि तिथं तर माणसाचा कान सर्वांत तिखट असतो. आता ख्यालाचं एखादं ध्वनिमुद्रण फार हळू लावा. तंबोऱ्याचा भरणा जातो, नुसती झिणझिण उरते. डग्गा लाकडी होतो आणि तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार तेवढा पुढं येतो. गायकाची छाती जाते, कंठ उरतो. तेच ध्वनिमुद्रण फार मोठ्यानं लावलं, तर डग्गा खोलीभर लोळतो, गायक भिंतीएवढा होतो आणि हार्मोनियमचं तारसप्तक कानाला टोचायला लागतं.

या दोन टोकांच्या मध्ये एक पातळी अशी असते, की तिथं खालचं-वरचं प्रमाण जुळतं आणि माणूस माणसाएवढा होऊन समोर बसतो. ध्वनिमुद्रकानं ज्या आवाजात ऐकून समतोल बांधला असेल, त्याच्या जवळपासची ही पातळी. ‘क्वाड’ या इंग्लिश कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर म्हणत असत असं सांगितलं जातं, की कोणत्याही ध्वनिमुद्रणाला योग्य असा एकच आवाज असतो. त्यांनी १९५७ मध्ये बाजारात आणलेला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर फार मोठ्यानं वाजूच शकत नसे, आणि तरीही माणसाच्या गळ्याचा खरेपणा ऐकायचा तर आजही जाणकार त्याचं नाव घेतात. वॉकर यांचं म्हणणं मला पटतं. स्टिरिओचा आवाज घरातल्या पंख्यासारखा एका आकड्यावर लावून सोडून देण्याची आपली सवय चुकीची आहे. तो ध्वनिमुद्रणागणिक बदलायला हवा.

सिनेमाच्या बाबतीत ही अडचण कधीच सोडवली गेली. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण होतं त्या थिएटरात प्रत्येक मुख्य स्पीकरची पातळी चाचणीच्या ठरलेल्या आवाजावर ८५ डेसिबलला लावलेली असते, आणि प्रेक्षागृहातही तीच धरायची असते. संगीताच्या स्टुडिओंनी असं एकच मानक कधी पाळलं नाही. कुणी हळू ऐकून मिश्रण करतो, कुणी मोठ्यानं. त्यात १९९० नंतर सीडीवर आवाज दाबून दाबून वर नेण्याची चढाओढ लागली. हळू जागा आणि मोठ्या जागा यांच्यातलं अंतर पुसून सगळं एकाच उंचीवर आणलं, म्हणजे गाणं रेडिओवर उठून दिसतं, हा त्यामागचा विचार. पन्नास-साठच्या दशकातलं भावगीत आणि कालचं चित्रपटगीत एकामागोमाग लावलं तर दुसरं अंगावर येतं ते याच कारणानं. स्पॉटिफायसारख्या सेवा आता गाण्यांची सरासरी पातळी आपणहून जुळवतात, आणि ती सोय चालू ठेवलेली बरी. पण सरासरी जुळली म्हणून गायक योग्य मापाचा होतो असं नाही. तंबोऱ्यावरची संथ आलापी आणि सत्तर वाद्यांचा ताफा एकाच सरासरीवर आणले, तर तंबोरा अवाढव्य होतो आणि ताफा आक्रसतो. तेवढं काम हातानंच करावं लागतं.

ते कसं करायचं? विलंबित ख्यालाचं, तुम्हाला चांगलं माहीत असलेलं एखादं ध्वनिमुद्रण घ्या. आवाज शून्यावर आणा, डोळे मिटा आणि अगदी सावकाश वर चढवा. पहिल्यांदा कळते ती जवारी. मग गायकाचे स्वर येतात, पण बोल नीट कळत नाहीत. आणखी थोडं चढवलं की बंदिशीतली व्यंजनं स्पष्ट होतात. बरेच लोक इथंच थांबतात, कारण ‘ऐकू तर येतंय’. थांबू नका. अजून जरा वर गेलं की डग्गा एकदम स्वतःच्या जागेवर जाऊन बसतो. घुमारा आणि थाप वेगवेगळी ऐकू येते, समेवरच्या ‘धा’ला वजन येतं, आणि दोन आलापांमध्ये गायक श्वास घेतो तेही कळतं. गायक खोलीत कुठं बसला आहे, किती अंतरावर आहे, हे बोटानं दाखवता येईल अशी ही जागा. यापुढं नॉब फिरवलात तर नवं काही कळत नाही, फक्त सगळं मोठं होतं. तोंड मोठं, तबला मोठा, आणि थोड्याच वेळात शोकेसच्या काचा किंवा खिडकीची जाळी साथीला येते. त्या क्षणी किंचित मागं या. ती त्या ध्वनिमुद्रणाची, तुमच्या खोलीतली, तुमच्या कानासाठीची पातळी.

ख्यालाच्या श्रोत्यांनी इथं स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपल्या कानात गाण्याचं माप कुठून आलं आहे, बैठकीतून की मंडपातून? पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी आपण हजारो माणसांत बसून मोठ्या ध्वनिवर्धकांवर गाणं ऐकतो आणि तेच माप घरी घेऊन येतो. बैठकीत आठ-दहा फुटांवर बसलेल्या गायकाचा आवाज वेगळा असतो. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं, खुल्या गळ्याचं गाणं त्याहून दहा-वीस डेसिबल वर. घरच्या दिवाणखान्यात सरासरी ६५ ते ७५ डेसिबल मिळाले तर ती बैठक झाली. माझं मत स्पष्ट आहे: घरी ख्याल, ठुमरी, नाट्यगीत बैठकीच्या मापात ऐकावं. सिंफनी किंवा रॉकची गोष्ट निराळी. ते संगीत जन्मतःच मोठं आहे आणि थोड्या वरच्या पातळीवरच ते उभं राहतं.

नॉबवरच्या आकड्याला मात्र काहीही अर्थ देऊ नका. ‘अजून निम्माच फिरवलाय, म्हणजे निम्मी ताकद शिल्लक आहे’ हा समज फार खोल रुजलेला आहे. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टचा संकेत देतो, आणि रेडिओ-टेपच्या काळातल्या ॲम्प्लिफायरना पूर्ण ताकदीनं वाजायला त्याचा दहावा हिस्सा, १५०-२०० मिलिव्होल्ट, पुरत असे. म्हणजे अशा जोडीत घड्याळातल्या दहाच्या जागी नॉब आला, तरी ॲम्प्लिफायरचा दम संपत आलेला असू शकतो. त्यापुढं तो लाटांची टोकं कापायला लागतो. आवाज मोठा होण्याऐवजी खरखरीत, चिडका होतो, आणि कापलेल्या टोकांतून तयार झालेले वरचे स्वर स्पीकरमधल्या ट्वीटरची नाजूक कॉइल जाळतात. फाटका आवाज आला की मागं यायचं, हा नियम स्पीकर वाचवतो.

वॉटचंही तसंच. पूर्वी टू-इन-वनच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांत आकडे छापलेले असत. त्यांचा ऐकण्याशी संबंध नव्हता. साधारण स्पीकर १ वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. म्हणजे बैठकीच्या मापाचं ऐकताना सरासरी एक वॉटही लागत नाही. मग मोठा ॲम्प्लिफायर कशासाठी? टोकांसाठी. दर १० डेसिबलला दसपट शक्ती लागते, आणि आपल्याला तो आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. सरासरीच्या २० डेसिबल वर जाणारी एखादी तिहाई किंवा ड्रमचा एखादा ठोका न फाटता वाजायला शंभरपट शक्ती त्या क्षणापुरती हाताशी असावी लागते. शंभर वॉट हे मोठ्यानं ऐकण्यासाठी नसून मापात ऐकताना टोकं शाबूत राहावीत यासाठी असतात.

आता खोलीकडे वळू. माझ्या मते बहुतेक घरांत आवाज जास्त लागतो तो स्टिरिओ कमी पडतो म्हणून नाही, तर खोली गप्प नसते म्हणून. पंखा पाचावर, खिडकीखाली रिक्षा, स्वयंपाकघरात मिक्सर. शहरातल्या फ्लॅटमध्ये दुपारी ४५-५० डेसिबलचा गोंगाट सहज असतो, आणि गाण्यातल्या सगळ्या हळू जागा त्याखाली बुडतात. त्या वर काढायला आपण नॉब फिरवतो, मग मोठ्या जागा कर्कश होतात. रात्री हीच खोली ३०-३५ वर उतरते आणि तेच गाणं दहा डेसिबल खाली लावलं तरी सगळं कळतं. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणं शक्य नाही हे मान्य, पण दोन नंबरनं कमी करा, खिडकी लावा, आणि मग पातळी शोधा. सतरंजी, पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांचाही उपयोग होतो, कारण गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. आवाज वाढवला की या पडसादांच्या शेपट्या ऐकू येण्याइतक्या लांबतात आणि सगळं एकमेकांत मिसळतं. खालच्या अंगाला आणखी एक भानगड असते. बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून उभा राहतो, दहा फुटी खोलीत ५६ च्या आसपासचा. मोठ्यानं लावल्यावर काही सूर अचानक गुरगुरतात ते यामुळं. त्यावर नॉबचा इलाज नाही. स्पीकर भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून पुढं ओढणं हा आहे.

आणि खुर्चीही ओढा. या सगळ्या विषयातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच आहे. मोकळ्यावर अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो. खोलीत एकूण आवाज तेवढा वाढत नाही, पण स्पीकरकडून थेट येणारा आणि भिंतीवरून परतणारा यांतलं थेट आवाजाचं पारडं तेवढंच जड होतं. दहा फुटांवरचा सोफा सोडून पाच फुटांवर खुर्ची घेतलीत, तर नॉब न हलवता बोल स्पष्ट होतात, डग्गा जागेवर येतो आणि शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज काडीइतकाही वाढत नाही.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. भिंतीपलीकडे जातो तो मुख्यतः खर्ज. वरचे स्वर भिंत अडवते, खालचे आरपार जातात. म्हणून तुम्हाला सुरेल वाटणारं गाणं पलीकडे नुसता ‘धम् धम्’ असा ठोका होऊन पोचतं, आणि झोपेला तोच छळतो. इथं खरा पेच आहे. रात्री हळू ऐकायचं तर कानाला खर्ज कमी पडतो, आणि खर्ज वाढवला तर तोच शेजारी पोचतो. पूर्वीच्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ असं लिहिलेलं बटण असायचं. ते फ्लेचर-मन्सन यांच्या आलेखांवरूनच आलं आहे आणि हळू ऐकताना खर्ज उचलून धरायचं त्याचं काम. अनेक जण ते कायम दाबून ठेवतात आणि मोठ्या आवाजातही खर्जाचा चिखल करतात. ते हळू ऐकतानाच वापरावं, आवाज वाढवला की सोडावं. मध्यरात्री मात्र पुढं ओढलेली खुर्ची या बटणापेक्षा जास्त कामाची.

कानाच्या आरोग्याचं गणितही पाठ असू द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणं सुरक्षित धरतात. लहान मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ वर २० तास, ८६ वर १०, ८९ वर ५. कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या केसपेशी १५-१६ हजारच असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. विसर्जन मिरवणुकीतून परतल्यावर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजते, ती या पेशी थकल्याची खूण असते. घरी धोका वेगळ्या वाटेनं येतो. तासभर ऐकलं की कान आवाजाला सरावतो, मजा कमी झाल्यासारखी वाटते आणि हात आपोआप नॉबकडे जातो. असं तीन-चारदा झालं की पातळी कुठल्या कुठं पोचलेली असते. याची परीक्षा सोपी आहे. रात्री जिथं सोडला तिथंच आवाज ठेवा आणि सकाळी उठल्यावर तेच गाणं लावा. दचकायला झालं, तर रात्री तुम्ही फार मोठ्यानं ऐकत होतात. मोबाइलवर डेसिबल मोजणारी ॲप मिळतात. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेचं आयफोनसाठीचं ॲप मोफत आहे आणि भरवशाचं आहे. कानाच्या उंचीवर फोन धरून पाच-दहा मिनिटांची सरासरी पाहावी.

घरातलं वयस्कर माणूस ‘जरा मोठं कर’ म्हणत असेल, तर नुसता आवाज वाढवून त्याचं समाधान होत नाही. वयानुसार वरच्या स्वरांचं ऐकणं आधी कमी होतं, त्यामुळं ‘स’, ‘ट’, ‘क’ ही व्यंजनं निसटतात. खर्ज थोडा कमी आणि ट्रेबल थोडा जास्त केला, त्यांची खुर्ची जवळ घेतली, तर आवाज न वाढवता बोल कळू शकतात. तरीही भागत नसेल तर कानाची तपासणी करून घ्यावी, टाळू नये. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही याच कामासाठीची राष्ट्रीय संस्था आहे.

तेव्हा नवा ॲम्प्लिफायर किंवा मोठे स्पीकर घ्यायचं मनात असेल, तर पैसे मोजण्याआधी एका निवांत रात्री एवढं करून पाहा: पंखा कमी करा, खुर्ची पाच फुटांवर घ्या, ओळखीचं ध्वनिमुद्रण लावा आणि आवाज शून्यापासून चढवत न्या. डग्गा जागेवर बसला की थांबा. बहुतेक घरांत त्यानंतर नव्या यंत्राची गरज उरत नाही.